हार्लन कुणाचं काही घेत नाही

हरणानं हार्लन नूगार्डच्या पिकअपला धडक दिली ती नेमकी पहिल्या वादसभेच्या दुपारी. धडक हरणानं दिली, आपण नाही, हे हार्लन पुढे भेटेल त्याला बजावून सांगायचा. हरीण उठलं, अंग झाडलं आणि बीटच्या शेतातून चालतं झालं. हार्लन जन्मभर गुरांचा डॉक्टर. त्यानं आधी रस्त्याच्या कडेला उभं राहून हरणाची चाल पाहिली, "मागचा डावा जरा जपून टाकतंय, पण होईल बरं," असं निदान केलं आणि मगच पिकअपचं बॉनेट उघडलं. आतून वाफ येत होती. गाडीच्या पोटातलं मात्र त्याला काही कळत नसे.

वेनलोच्या शाळेत लोक जमायला लागले असणार. राज्याच्या विधानसभेसाठी हॅल्डर काउंटीतून दोनच उमेदवार उभे होते आणि आज दोघांना पहिल्यांदा एका व्यासपीठावर भांडायचं होतं. आभाळातून बर्फाचा चुरा पडत होता. एवढ्यात मागून एक जुनी लांबलचक गाडी आली आणि शेजारी थांबली. काच खाली झाली.

"मेलास का?" आतून आर्डिस पोलाचेकनं विचारलं.

"नाही."

"मग बस. मला तिथे एकटीनं काय भांडता येणार आहे?"

आर्डिस हीच ती दुसरी उमेदवार. हॅल्डरच्या शाळेत तिनं तीस-एक वर्षं पोरांना बँड शिकवला होता. त्यामुळे तिचा आवाज ढोल-पिपाण्यांच्या वरताण होता आणि गाडीच्या मागच्या सीटवर अजूनही एक ट्यूबा, म्हणजे भलामोठा पितळी कर्णा, पट्टा लावून बसलेला असायचा. हार्लन आणि ती एकाच वर्गात शिकलेले. पक्ष मात्र वेगळे.

"मी चालत जाईन," हार्लन म्हणाला.

"वेनलोला?"

"मी कुणाचं काही घेत नाही, आर्डिस. तुला माहितेय."

"न माहिती असायला काय झालं? तुझी पाटी माझ्या खिडकीसमोरच ठोकलीय तुझ्या माणसांनी. रोज सकाळी दात घासताना वाचते मी."

पाटीवर लिहिलं होतं : हार्लन कुणाचं काही घेत नाही. तोच त्याचा सगळा प्रचार होता. गेल्या अधिवेशनात राज्यानं निवडणुकीच्या देणग्यांचा नवा कायदा केला होता. रोख पैसाच नव्हे, तर उमेदवाराला कुणी फुकट दिलेली कुठलीही वस्तू, कुठलीही सेवा म्हणजे देणगी. आणि एका उमेदवारानं दुसऱ्या उमेदवाराला देणगी देणं तर साफ बंद. लोक म्हणाले, कायदा फार कडक झाला. हार्लन म्हणाला, कडक कसला, अजून आवळायला हवा.

खरं तर पाटीवरचं ते वाक्य निवडणुकीच्याही आधीचं होतं. चार वर्षांपूर्वी त्याची बायको नॉर्मा गेली, तेव्हा चर्चमधल्या बायकांनी रीतीप्रमाणे जेवण आणून दिलं. बटाट्याचं, कोंबडीचं, चीज घालून भाजलेलं; डब्यांवर डबे. हार्लननं एकेक डबा ज्याच्या त्याच्या दारी भरलेलाच परत नेऊन दिला. "मला लागत नाही," म्हणाला. त्यात आर्डिसचाही एक होता. नंतर लोकांनी त्याचा नाद सोडला. कुणाची गाय अडली तर तो अर्ध्या जेवणावरून उठून जायचा आणि पैसे विचारले की टोपी घालून चालू लागायचा. पण त्याच्या घरात चार वर्षांत बाहेरचा चमचासुद्धा आला नव्हता.

बर्फाचा चुरा त्याच्या मानेवरून आत उतरला. आर्डिसनं पुढचं दार ढकलून उघडलं.

"हे बघ, मागे बसायचं असेल तर ट्यूबाच्या मांडीवर बसावं लागेल. पुढे ये गुमान."

हार्लन पुढे बसला. "आजच्या दिवसच," म्हणाला.

वाटेत तिनं त्याला आपलं भाषण म्हणून दाखवलं. त्यानं त्यातली गुरांच्या दवाखान्याबद्दलची एक चूक दुरुस्त केली. तिनं त्याला सांगितलं, की तू बोलताना बुटांकडे बघतोस, बुटांना मत नाही. पोचेपर्यंत दोघांची चांगली जुंपली होती. परतीच्या वाटेवर तिनं अंड्याचं सँडविच पुढे केलं. हार्लन "नको" म्हणायला वळला, तेवढ्यात समोरून ट्रक आला, तिनं सँडविच त्याच्या हातात कोंबून चाक धरलं. हातात आलेलं अन्न बाहेर कसं टाकणार? त्यानं ते खाल्लं. चार वर्षांत दुसऱ्या कुणाच्या हातचं त्यानं खाल्लेलं ते पहिलं अन्न, हे त्याच्या घरी पोचल्यावर लक्षात आलं. मोहरी जरा जास्त झाली होती.

गॅरेजवाल्या डेलचा आठवड्यानं फोन आला. "डॉक्टर, गाडी तयार आहे. घेऊन जा."

हार्लन खिडकीपाशी उभा होता. दुसऱ्या दिवशी लिंडेनला सभा होती. आर्डिस दीडला येते म्हणाली होती.

"रेडिएटर नीट बसलाय?" त्यानं विचारलं.

"मस्त."

"आणि दिवे?"

"दोन्ही नवे घातले."

"रंग बघ रे जरा. कुठेतरी उडाला असेल."

"डॉक्टर, तुमच्या गाडीला रंग होता कुठे?"

"मग लावून टाक की," हार्लन म्हणाला आणि फोन ठेवला.

डेलनं रंग लावला. मग हार्लनला वायपरची शंका आली. मग सीटच्या स्प्रिंगची. आर्डिसनं विचारलं, की तो सांगायचा, "अजून एक भाग यायचाय." कुठला, ते तो सांगत नसे आणि तीही खोदून विचारत नसे. लिंडेन झालं, ओस्लर झालं, बीट कारखान्याच्या कॅन्टीनमधली सभा झाली. आर्डिस हल्ली गावातून जायच्याऐवजी नदीकाठच्या लांबच्या रस्त्यानं जायची. "आतला रस्ता उखडलाय म्हणे," असं ती म्हणाली. हार्लनला बरंच वाटलं. लांबचा रस्ता म्हणजे वेळही जास्त.

सभांची मात्र पार वाट लागली. दोघांची भांडणं गाडीतच पुरती होऊन जायची, व्यासपीठावर नवीन काही उरायचं नाही. ओस्लरला आर्डिस शाळांच्या बसेसबद्दल तावातावानं बोलत असताना मध्येच अडखळली, तर शेजारून हार्लननं तिचा मुद्दा पुरवला. लोक हसले. मागच्या रांगेत बसलेल्या मर्लिन फॉसनं डोक्याला हात लावला.

मर्लिन म्हणजे हार्लनच्या पक्षाचा काउंटीचा अध्यक्ष. धंद्यानं विमा एजंट, त्यामुळे कुठल्याही चांगल्या गोष्टीत पुढे काय वाईट होऊ शकेल हे त्याला चटकन दिसायचं. शुक्रवारी काउंटीचं साप्ताहिक आलं आणि तो ते हातात नाचवतच हार्लनच्या स्वयंपाकघरात शिरला. पहिल्या पानावर फोटो होता. हार्लन आर्डिसच्या गाडीतून उतरतोय, हातात तिनं दिलेलं सँडविच, आणि बरोबर डोक्यावर पाटी : हार्लन कुणाचं काही घेत नाही.

"हे काय आहे, डॉक्टर?"

"अंड्याचं आहे," हार्लन म्हणाला.

"थट्टा करू नका! तिच्या पक्षानं तक्रार केलीय देणगी मंडळाकडे. म्हणे, तिच्या प्रचाराच्या पेट्रोलवर तुम्ही फिरता."

"अरे बापरे."

"म्हणून मीही केली."

"तू कुणाविरुद्ध केलीस?"

"तिच्याविरुद्ध! आमच्या उमेदवाराला खाऊ घालून मऊ पाडते म्हणून." मर्लिन खुर्चीत बसला. "दोन्ही तक्रारी सोमवारी कोर्टात एकत्र सुनावणीला आहेत. कायदा वाचलाय ना तुम्ही? तुमचाच लाडका कायदा. सिद्ध झालं तर दोघांचीही उमेदवारी जाईल. बॅलटवर कुणीच उरणार नाही!"

हार्लनला उमेदवारीचं वाईट वाटलं, पण तेवढं नाही. आपल्यापायी आर्डिसचं नाव पेपरात आलं, तिच्या पक्षाच्या लोकांनी तिला बोल लावला, हे त्याला लागलं. त्यानं तिला फोन केला.

"आर्डिस, माझ्यामुळे झालं सगळं."

"तुझ्यामुळे काय? सँडविच मी केलं होतं. सोमवारी कोर्टात कसा जाणारेस?"

"बघतो काहीतरी."

"नऊला येते," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी मर्लिन काउंटी कोर्टाच्या पायऱ्यांवर वाट पाहत उभा होता. आर्डिसची लांबलचक गाडी आली आणि तिच्यातून त्याचा उमेदवार उतरला, तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले.

मंडळाकडून पा न्या वांग नावाच्या बाई आल्या होत्या. वयानं तरुण, चेहरा गंभीर, समोर थर्मास आणि कायद्याची प्रत. कोर्टाच्या तळघरातली खोली गावकऱ्यांनी भरून गेली होती. हॅल्डरमध्ये सोमवारी सकाळी दुसरं काही घडत नाही.

"मिस्टर नूगार्ड," वांगबाई म्हणाल्या, "कायद्यात एक सूट आहे. उमेदवारी बाजूला ठेवून, निव्वळ स्नेहापोटी केलेली मदत देणगी धरली जात नाही. पण तो स्नेह निवडणुकीआधीचा हवा. तुमची मिसेस पोलाचेकशी ओळख किती जुनी?"

"पहिलीपासूनची."

"छान. मग आधीही कधी त्यांच्या गाडीतून गेला असाल?"

"नाही."

"त्यांच्याकडे जेवलात? चहा-कॉफी?"

"नाही."

"त्यांनी कधी काही दिलं, ते तुम्ही घेतलं, असं काहीही?"

मर्लिन मागून खोकला. काहीतरी सांगा, असा तो खोकला होता. हार्लननं बुटांकडे पाहिलं.

"नॉर्मा गेली तेव्हा तिनं डबा आणला होता," तो हळूच म्हणाला. "मी परत केला. उघडलाही नाही."

खोलीत बऱ्याच बायका अशा होत्या ज्यांचे डबे परत आले होते. त्यांच्यात जराशी चुळबुळ झाली.

"मिस्टर नूगार्ड, तुम्ही माझं काम कठीण करताय," वांगबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता कीव होती. "तुमच्याकडे गाडी नव्हती. त्यांनी ती गरज भागवली. गरज प्रचाराची होती. मग ही देणगीच झाली ना? याच्यावर तुम्हाला काही सांगायचंय?"

हार्लन उठून उभा राहिला. खरं तर उभं राहायची गरज नव्हती.

"गाडी होती," तो म्हणाला.

"काय?"

"माझी पिकअप. ती दुरुस्त होऊन महिना झाला. डेलकडे उभी आहे."

मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या डेलनं घाईघाईनं टोपी काढली. "दोनदा रंगवली, बाई," तो म्हणाला. "मला वाटलं डॉक्टरांचं डोकं फिरलं."

"म्हणजे तुम्हाला गाडीची गरज नव्हती," वांगबाई म्हणाल्या. "मग तुम्ही यांच्या गाडीत का बसत होता?"

कोपऱ्यातला हीटर कुरकुरत होता, हार्लननं त्याच्याकडे पाहिलं.

"वेनलोहून घरी यायला तासभर लागतो," तो म्हणाला. "पिकअपमध्ये रेडिओ आहे माझ्या. चांगला आहे. पण रेडिओ कधी विचारत नाही, थंडी वाजतेय का म्हणून." त्यानं घसा साफ केला. "ही विचारते. म्हणजे ओरडतेच. पण विचारते. मग मी डेलला म्हटलं, असू दे अजून थोडे दिवस. आर्डिसला यातलं काही माहीत नाही. तिला मी खोटंच सांगत होतो. दोष लावायचा तर मला एकट्याला लावा."

तो मटकन खाली बसला. आर्डिसकडे बघायची त्याची छाती होईना.

"माहीत नसायला मी काय आंधळी आहे?" आर्डिसचा आवाज खोलीभर घुमला. "गावात गॅरेज एक. त्याच्या दारात ही लालभडक पिकअप. पहिल्याच आठवड्यात बघितली मी."

हार्लननं मान वर केली. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर घेऊन गेला असतास ना तू ती!" आर्डिसचा चेहरा पिकअपच्या रंगाचा झाला होता. "आणि रोज तिच्यासमोरून गेलो असतो तर तुलाच ओशाळं वाटलं असतं. म्हणून नदीकाठानं नेत होते मी तुला. त्या रस्त्यानं माझे दोन टायर गेलेत, हार्लन नूगार्ड!"

पहिल्यांदा कुणीतरी बाई हसली. मग सगळी खोली हसली. हार्लन हसला नाही. त्याला एकदम खूप थकल्यासारखं आणि खूप बरं वाटत होतं. पूर्वी एखादी अडलेली गाय सुटली, वासरू उभं राहिलं, की असं वाटायचं.

वांगबाईंनी थर्मासमधून कॉफी ओतली, एक घोट घेतला आणि समोरची प्रत पुढे-मागे चाळली. "मंडळाकडे प्रत्येक सेवेचा दर ठरलेला आहे," त्या म्हणाल्या. "पण चालू गाडी गॅरेजमध्ये ठेवून दुसऱ्याच्या गाडीत बसण्याचा दर काय धरायचा, ते यात कुठेच नाही. यातून प्रचाराला काही फायदा झाला असंही दिसत नाही."

"मुळीच नाही! नुकसानच झालंय!" मर्लिन तळमळून ओरडला.

"तर मग दोन्ही तक्रारी निकालात काढते. स्नेह आहे, आणि तो निदान त्या परत गेलेल्या डब्याइतका जुना आहे, असं मी मान्य करते." खोलीत टाळ्या झाल्या. त्यांनी हात वर केला. "एक अट आहे. यापुढे गाडीत प्रचाराचा एक शब्दही बोलायचा नाही. तो बोललात, की प्रवास प्रचाराचा झाला आणि आपली पुन्हा इथेच भेट होईल."

शेवटची वादसभा मतदानाआधीच्या रविवारी दुपारी, पार सरहद्दीजवळच्या फर्गस क्रीक गावात होती. आर्डिस दीडला आली. हार्लन बसला. गाडी निघाली आणि दोघांच्याही लक्षात आलं, की आजवर आपण बसेस, बीटचे भाव आणि कर यांपलीकडे काही बोललोच नाही.

पाच-सहा मैल कुणी तोंड उघडलं नाही.

"आभाळ भरलंय," हार्लन म्हणाला.

"आभाळ चालेल," आर्डिस म्हणाली. "आभाळ प्रचारात येत नाही."

मग तिनं विचारलं, "नॉर्मा गाडी चालवायची का रे? मी तिला कधी चालवताना पाहिलं नाही."

हार्लननं खिडकीबाहेर बघितलं. नॉर्माचं नाव कुणी त्याच्यासमोर काढत नसे, आणि काढलं असतं तर त्यानं विषय बदलला असता. पण इथे बदलायला विषयच शिल्लक नव्हते. "चालवायची," तो म्हणाला. "भयंकर. एकदा तिनं गाडी थेट आमच्याच गोठ्यात घातली होती." आणि मग तो सांगत सुटला. गोठ्याचं सांगितलं, नॉर्मा झोपेत कोंबड्यांना हाका मारायची ते सांगितलं, शेवटच्या हिवाळ्यात ती किती हलकी झाली होती, उचलून खिडकीशी नेऊन बसवायला लागायची, तेही सांगितलं. आर्डिसनं तिच्या नवऱ्याचं सांगितलं. तो गेला नव्हता, ॲरिझोनात राहत होता, दुसरीबरोबर. "पण सॅक्सोफोन माझाच नेलान मेल्यानं," ती म्हणाली, आणि हार्लन इतका हसला की त्याला चष्मा काढून पुसावा लागला.

फोन वाजायला लागला, तेव्हा कुठे दोघं भानावर आले. मर्लिन होता.

"कुठे आहात?" तो जवळजवळ रडत होता. "सभागृह भरलंय! दोन्ही खुर्च्या रिकाम्या! लोक विचारताहेत, यांनी एकमेकांना मारलं का!"

हार्लननं बाहेर पाहिलं. रस्त्याच्या कडेच्या मैलाच्या पाट्या बदललेल्या दिसत होत्या. "आर्डिस," तो म्हणाला, "फर्गस क्रीक मागे राहिलं. कधी गेलं?"

"तू कोंबड्यांचं सांगत होतास तेव्हा बहुतेक." तिनं गाडी कडेला घेतली आणि डोळे बारीक करून पुढची पाटी वाचली. "अरे देवा. आपण सरहद्द ओलांडलीय. हे दुसरं राज्य आहे!"

मर्लिन फोनमधून अजून बोलत होता. हार्लननं अगदी हळुवारपणे फोन बंद केला.

पुढे त्या निवडणुकीत आर्डिस निसटत्या मताधिक्यानं निवडून आली. फर्गस क्रीकच्या लोकांनी सभेसाठी भाजून ठेवलेले अ‍ॅपल पाय आपसांत वाटून खाल्ले आणि आजवरची सगळ्यात चांगली वादसभा हीच, असं सगळ्यांचं मत पडलं. हार्लननं हरल्याचं फार मनाला लावून घेतलं नाही. मर्लिननं मात्र घेतलं.

पण त्या रविवारी अजून सगळंच ठरायचं होतं. रस्त्याला लागूनच एक कॅफे होता. दोघं आत जाऊन खिडकीशी बसले. गरम सूप मागवलं, ब्रेड मागवला.

"आपल्या राज्याचा कायदा इथे लागू होतो का रे?" आर्डिसनं विचारलं.

हार्लननं नीट विचार केला. या बाबतीत तो नेहमीच नीट विचार करी. "नाही," तो म्हणाला.

"म्हणजे आता प्रचाराचं बोललं तर चालेल?"

"चालेल."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बोलण्यासारखं काही आठवेना.

"थंडी वाजतेय का तुला?" आर्डिसनं विचारलं.

"वाजतेय थोडी," हार्लन म्हणाला. तिनं आपली शाल काढून टेबलावरून पुढे सरकवली. त्यानं ती क्षणभर बघितली आणि खांद्यावर ओढून घेतली. शाल जांभळी होती, तिला गोंडे होते.

सूप संपलं तशी कॅफेवाली बाई पेन्सिल कानामागून काढत आली. "बिल एकत्र करू, की वेगवेगळं?"

हार्लननं सवयीनं खिशाकडे नेलेला हात तिथेच थांबला. मग त्यानं तो परत टेबलावर आणून ठेवला.

"एकत्रच करा," तो म्हणाला. "आणि या बाईंकडे द्या."